हवा भरण्यापुरतं थांबणं

आमच्या चर्चमधून शवपेटी बाहेर नेताना ऑर्गनवर एक संथ मार्च वाजतो. मूळ सुरावट कुणा जुन्या परदेशी संगीतकाराची. तिच्यावरून हा मार्च बाबांनी बांधला. ते इथले ऑर्गनवादक होते. तेव्हाच्या ऑर्गनला पायाने भाता मारावा लागे, आणि भाता होता फाटका. तिसऱ्या ओळीत हवा संपायची. मग बाबा थांबून दोनदा भाता मारायचे आणि शवपेटी उचललेली माणसंही तेवढा वेळ जागच्या जागी उभी राहायची.

आता ऑर्गन विजेवर चालतो. बाबांची विद्यार्थिनी सुशीला तो वाजवते. काल शेजारच्या काकांना निरोप देताना तीही तिसऱ्या ओळीत थांबली. नंतर मी तिला म्हटलं, "आता कुठे हवा भरावी लागते?"

"एकदा न थांबता वाजवून पाहिलं होतं," ती म्हणाली. "पेटी उचलणारे तरीही थांबलेच."

बाबांना नेलं तेव्हाही सगळे तिथे असेच थांबले होते. मी मात्र त्या शांततेत भात्याची कुरकुर ऐकू येईल म्हणून कान देऊन उभी होते. अजून तशीच उभी राहते.