एक सुपारी कातरेपर्यंत

आमच्या बुढीइतका बंदुकीवर कमी भरवसा ठेवणारं माणूस लोणारपासून बुलढाण्यापर्यंत दुसरं झालं नसेल, अन् तरी एक्केचाळीस वर्षं आमची बंदूक तिनंच सांभाळली. बुढी म्हणजे माझी बायको. आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर मक्यात घुसलेल्या रानडुकरांवर दिवस बुडायच्या आधी एक बार काढला. छर्रे नाहीत, नुसती दारू, आवाजापुरती. डुकरं पळाली. मी बंदूक उभी धरली, तोंड आभाळाकडे, अन् बुढीनं धुऱ्याच्या बांधावर बसून अडकित्ता काढला.

आमची बंदूक ठासणीची, बापाच्या वेळची. तोंडातून दारू ओतायची, गजानं ठासायची, शेवटी घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी चढवायची. एक बार उडाला की नळीत काय राहिलं ते दिसत नाही. एखादी ठिणगी धुमसत असते, अन् तिच्यावर दारू पडली की संपलं. बापानं हे मला सांगितलं होतं. पण लग्नाच्या पहिल्या वर्षी ज्वारीत कळप शिरला, मी घाई केली, पहिला बार उडाल्या उडाल्या डब्यातूनच दारू सरळ नळीत ओतली. भुवया गेल्या, उजव्या हाताची दोन बोटं गेली. दोन महिने तिनं मला घास भरवला. नवी नवरी, तोवर माझ्याशी धड बोलतही नव्हती. पट्टी सुटली त्या दिवशी बोलली.

"आठ राह्यले. हे आठ मले पाह्यजेत. आजपासून दारूचा डब्बा माह्याजवळ."

त्या दिवसापासून कायदा तिचा. डबा झाकण लावून वीस पावलं लांब, निंबाखाली. बार झाला की ती एक सुपारी कातरणार, अन् ती सगळी कातरून होईपर्यंत बंदुकीला कोणी काही करायचं नाही. डुकरं मका खाऊन ढेकर देऊन गेली तरी चालेल. मग गजाला ओलं फडकं गुंडाळून नळीत खालपर्यंत घालायचं, बाहेर काढून तिला दाखवायचं. काळं निघालं की पुन्हा. मग कोरडं फडकं. गज धरायचा दोन बोटांनी, तळवा वर ठेवायचा नाही, तोंड नळीवर आणायचं नाही. मग ती कुंकवाच्या डबीच्या झाकणात मोजून दारू आणून देणार, तेवढीच. टोपी सगळ्यात शेवटी. अन् टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या रानाकडे धरून मी पुतळ्यासारखा उभा, अन् ती दोन सुपाऱ्या कातरणार. एकदा तिला सुपारी कडक लागली. माझे हात भरून आले, पण बाई काही उठली नाही.

गजाला तिनं लाल दोरा बांधला होता. गज नळीत सोडला अन् दोरा बरोबर तोंडाशी आला तर नळी रिकामी, दोरा वर राहिला तर आत काहीतरी आहे. घरात शिरायच्या आधी ती दारातच विचारायची, "रिकामी का भरेल?" मी गज घालून मोठ्यानं सांगायचं. मान हलवलेली तिला चालत नव्हती.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. एकदा तिथल्या हवालदारानं बंदूक हातात घेतली अन् नळीला सरळ डोळा लावला. बुढीनं टेबलावरून वाकून नळी बाजूला सारली. म्हणाली, साहेब, डोळे दोनच देल्ले देवानं, गज घाला. हवालदार तापला. लायसन कोणाच्या नावावर आहे, म्हणाला.

"लायसन ह्यायच्या नावावर हाये. बोटं माह्या नावावर हायेत."

त्यानं गज घातला. पुढच्या निवडणुकीला त्यानं आधी गज मागितला.

घरातही तेच. कुकरची शेवटची शिट्टी झाली की एक सुपारी, मग झाकण. धाकट्या भावाचं अन् माझं धुऱ्यावरून वाजलं, माझ्या तोंडात शिवी आली होती, तर हिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला अन् अडकित्ता काढून बसली. भावाला म्हणाली, बसा भाऊजी, नळी थंडी होऊ द्या. तो हसला. तो हसल्यावर मी काय भांडतो. मी आयुष्यभर तिला भित्री म्हणत आलो. ती भित्री नव्हती. तिचं काम पक्कं होतं.

मक्यातल्या त्या संध्याकाळीही सगळं झालं. सुपारी कातरली, ओलं फडकं, कोरडं फडकं, दोरा तोंडाशी. घरी आल्यावर नळी गरम पाण्यानं धुवायची असते, नाहीतर दारूची काजळी लोखंड खाते. तिनं चूल पेटवली नाही. म्हणाली, "आज जरा जड वाटून राह्यलं. सकाळी धुऊ." एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं ते उद्यावर टाकलं, अन् मला कळलं नाही. पहाटे ती गेली.

सकाळी अंगणात माणसं बसली होती. पोरगी जालन्याहून यायची होती. घरात चूल पेटवायची नव्हती. तीन दगडांमधे एकच विस्तव होता, तिच्या शेवटच्या आंघोळीच्या पाण्याचा. मी बंदूक आणली, तिचा तांब्या त्या पाण्यात बुडवला. भावानं हात धरला.

"दादा, ते पाणी वयनीचं हाये. काऊन असं करतं?"

"तिचंच काम हाये हे," मी म्हटलं.

त्यानं हात सोडला. मी पाणी नळीत ओतलं, फडकं फिरवलं. काळं निघालं, पुन्हा ओतलं. पांढरं निघेपर्यंत. कोरडं फडकं घातलं, तेलाचं घातलं. मग गज सोडला. दोरा तोंडाशी आला.

मी दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "रिकामी हाये वं."

मग आठ बोटांनी फडकं पिळलं. दोरीवर तिचं कालचं लुगडं अजून तसंच होतं. त्याच्या बाजूला वाळत घातलं.