टिचली तर अक्काची

थांबा, हे आत्ताच सांगते, आई हाक मारायच्या आत! आमच्या धरणगावच्या बाजारात बांगड्या भरायला बसायची ना, त्या अक्काचं.

"हात ढिला सोड व माय!" हे तिचं ठरलेलं. हात तिच्या गुडघ्यावर ओढून घ्यायची आणि बोटं अशी चेपायची की हात आपला राहायचाच नाही.

विलायती मालावर बहिष्कार सुरू झाला आणि अक्कानं विलायती बांगड्या एकदम बंद केल्या. काय सुंदर होत्या हो त्या! पातळ, गुळगुळीत, सरसर चढायच्या. तिच्या देशी बांगड्या जाड, खरखरीत, भरता भरता हमखास टिचायच्या. आणि भरताना टिचली तर नुकसान बांगडीवालीचं, ही रीत तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे बहिष्कार सगळ्या देशाचा, तुकडे मात्र अक्काच्या पदरात! आम्ही हळहळलो की नुकसान स्वतःवर घेत आपल्या अहिराणीत म्हणायची, "टिचनी ते मनी टिचनी. तुनं काय गयं?"

शेजारचा पानवाला चिडवायचा, "अक्का, तुझ्या बांगड्यांना घाबरून साहेब पळणार होय?"

"सरकार म्हंजे दुकानच शे, भाऊ. गिऱ्हाईक उठनं का दुकान बठनं!"

मग फौजदारांच्या मुलीचं लग्न निघालं. ती माझ्याच वर्गातली. चुडा भरायला फौजदारीणबाईंनी शिपाई पाठवून अक्काला घरी आणवलं. आम्ही मैत्रिणी भोवती बसलेल्या. बाईंनी मुंबईहून मागवलेली पेटी पुढे सरकवली. उघडली तर आतून नुसता लखलखाट!

"ह्या भर."

अक्कानं पेटीला हातही लावला नाही. "ह्या मी भरस नई, बाई."

"पुन्हा बाजारात कशी बसतेस तेच बघते मी!"

"सकायनं सकाय. आज ते बठेल शे ना!" अक्कानं उद्याचं उद्यावर सोडून दिलं.

आणि एवढ्यात नवरीनंच, अहो नवरीनंच, हात अक्काच्या गुडघ्यावर ठेवला. म्हणाली, "अक्का, तुमच्याच भरा."

पहिली टिचली. दुसरीही टिचली. बाई छद्मी हसल्या. अक्का तुकडे बाजूला सारून पुन्हा बोटं चेपायला लागली. नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात तिनं मागे घेतला नाही. शेवटी दोन्ही हात भरले. हिरवेगार! नवरीनं रीतीप्रमाणे अक्काला वाकून नमस्कार केला, आईच्या देखत. अक्कानं बोटं कडाकडा मोडून तिची दृष्ट काढली, टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली.

पुढच्याच बाजाराला अक्काची जागा गेली. ती आता असोद्याकडं गावोगाव फिरते म्हणतात. मला पुन्हा दिसली नाही.

तिच्या जागी एक नवा माणूस बसवलाय. त्याच्यापुढे तीच लखलखती विलायती रास. "या ताई, या अक्का!" असा ओरडत असतो बिचारा. आणि आमच्या गावच्या बाया, फौजदारांच्या शेजारणीसुद्धा, त्याच्यासमोर आल्या की दोन्ही हात पदराखाली घेतात आणि ताठ मानेनं पुढे जातात. कुणी शिकवलं नाही, कुणी ठरवलं नाही!

तुमच्या बाजारात झालंय का हो असं कधी? तुम्ही घेतलेत का हात पदराखाली?