पाऊण इंच आणि एकोणीस नंबर

दत्ताला घेऊन मी निघालो त्या सकाळी एसटी अर्धा तास उशिरा आली. सगळी वाडी स्टॉपवर जमली होती. दत्ता आमच्या शेजारच्या घरातला, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. त्यांच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये फक्त एक दगडी गडगा, तोही कंबरेएवढा. त्याचा व्हिसा मी काढला होता, गॅरेजच्या अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, मी बोललो होतो, बॅगेत कुळथाचं पीठ किती भरायचं तेसुद्धा मीच ठरवलं होतं. सहा वर्षं ओमानात काढलेला माणूस म्हणजे वाडीत मोठा शहाणा. गाडी आली तेव्हा त्याची आई, वत्सलाकाकी, लेकाशी बोललीच नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू हायस ना तकडं? मंग मला कसला घोर नाय." मी छाती फुगवून हो म्हटलं.

गावच्या मंडळींनो, आणि माझ्यासारख्या इकडे येऊन राहिलेल्या भावांनो, मी काही लेखक नाही. ओमानातल्या सहम गावच्या एका गॅरेजात चोवीस वर्षं पाना धरलेला माणूस आहे. इथे मला उस्ताद म्हणतात. हे मी का लिहितोय ते पुढे येईलच, पण आधी त्या गाडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापासून सुरू होतं.

आमचं गॅरेज एकाच अमेरिकन गाडीचं. तिचं नाव लिहीत नाही. अर्बाबच्या वडिलांनी ती पहिल्यांदा सहममध्ये आणली तेव्हा इथे धड डांबरी रस्तासुद्धा नव्हता, वाळूतून आणि वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातल्या, दगडगोट्यांतून ती चालवायचे. लांबलचक बॉनेट, सोफ्यासारख्या सीटा, आणि एसी असा की बाहेर उन्हाने माणूस भाजून निघत असताना आत दात वाजायचे. त्या एसीवरच इथली माणसं भाळली. एक म्हातारा कोळी डिकीत ओली जाळी टाकून यायचा, मासळीचा वास महिनाभर जायचा नाही, पण दुसरी गाडी घे म्हटलं की रागवायचा. निझव्याचे एक शाळामास्तर बायकोमुलं आणि आई मिळून नऊ माणसं तिच्यात बसवायचे आणि वर मला सांगायचे, उस्ताद, जागा अजून आहे. खोडीही तिच्यात कमी नव्हत्या. पेट्रोल पाण्यासारखं प्यायची. उन्हाने डॅशबोर्ड तडकायचा. काच एकदा खाली गेली की वर यायला उस्तादच लागायचा. माझं गावचं पक्कं घर त्या काचांनीच बांधलं म्हणायला हरकत नाही.

मी शिकलो चिपळूणच्या एका गॅरेजात, दहा, बारा, तेरा नंबरच्या पान्यांवर. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी एका बोल्टला तेराचा पाना लावला, जोर दिला आणि बोल्टचं डोकं गोल करून ठेवलं. तो अर्ध्या इंचाचा होता. अमेरिकेत सगळं इंचात असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हाचा उस्ताद केरळचा, त्याने कानफटात द्यायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढे कंपनीही हळूहळू मिलिमीटरवर आली, पण एका दमात नाही. मधल्या सालांच्या गाड्यांत इंजिन मिलिमीटरमध्ये आणि बाकीचं इंचात. कुठल्या सालच्या गाडीला काय लागतं हे आमच्या गॅरेजात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते हाताला कळावं लागायचं, आणि माझ्या हाताला ते कळायचं. नट बोटांत फिरवून आटे इंचाचे की मिलिमीटरचे ते मी न बघता सांगायचो. शेजारच्या सोहारच्या गॅरेजवाल्यांपर्यंत माझं हे कौतुक पोचलं होतं, आणि मला त्याचा गर्व होता. हे लपवत नाही.

दत्ता आला आणि गॅरेजची पिकअप चालवू लागला. तीही त्याच कंपनीची, पण नव्या सालांतली, मिलिमीटरवाली. सामान आणायचं, दुरुस्त झालेली वस्तू पोचवायची. पहिले चार महिने रोज रडवेला व्हायचा, मग त्याला इथली भाषा आली, यल्ला, खलास, इन्शाल्ला असं सगळं तो मालवणी हेलात बोलायचा आणि अर्बाब पोट धरून हसायचा. शुक्रवारी तो खोलीवर बांगड्याचं तिखलं करायचा. मी त्याला मालवणी हेल म्हणून चिडवलं की तो चिडायचा, दादा, आपण रत्नागिरीवाले, मालवणी कसले. सुट्टीवर जाऊन लग्न करून आला, पुढे मुलगी झाली. सात वर्षं तो माझ्या शेजारच्या खाटेवर झोपला.

त्याच काळात कंपनी गेली. अमेरिकेतल्या मालकांनी अडचणीच्या दिवसांत काही नावं मोडीत काढली, त्यात हिचं नाव होतं. अर्बाबने ती बातमी फोनवर वाचली आणि गॅरेजच्या दारात एका जुन्या टायरवर बसून राहिला. माणूस गेल्यासारखे लोक त्याला भेटायला आले. आम्ही त्याच्या मागे त्याची थट्टा केली. पण वर्षा-दीड वर्षात नवे पार्ट येणं बंद झालं आणि आमची थट्टा आटली. मग आम्ही भंगारातल्या गाड्या विकत घेऊन खोलायला लागलो. नट, बोल्ट, क्लिपा, सगळं पत्र्याच्या डब्यांत. एकाच कंपनीचा माल, म्हणून जुन्या आणि नव्या सालांचा सगळा एकत्र. डबे वेगळे करायचं मी रोज उद्यावर ढकलायचो.

तो शुक्रवार होता. नमाजाला सगळे गेले होते, गॅरेजात आम्ही दोघंच. दत्ताला निझव्याच्या मास्तरांचा गिअरबॉक्स पोचवायचा होता आणि पिकअपचा पुढचा डावा टायर बदलायचा होता. चाकाच्या नटांवरची चमकदार टोपी फुगली होती, त्यामुळे पाना धड बसत नव्हता. ठोकून ठोकून ते काढले आणि फेकून दिले. डब्यातून पाच नट घेतले. तेच रूप, तीच चमक, आणि पाना दोन्हींना तोच. ही गोष्ट नीट समजून घ्या. त्या कंपनीचा जुना नट पाऊण इंचाच्या पान्याचा आणि नवा एकोणीस नंबरचा, आणि त्या दोन्ही मापांत केसाइतकाही फरक नाही. फरक आत आहे. जुन्याचे आटे अर्ध्या इंचाचे, नव्याचे बारा मिलिमीटरचे. जुना नट नव्या स्टडवर, म्हणजे चाकाच्या ज्या दांडीवर नट बसतो तिच्यावर, सहज चढतो, जरा सैलच जातो, आणि पुढे आटे जुळत नाहीत म्हणून अडकतो. ते अडकणं हाताला घट्ट बसल्यासारखं वाटतं.

पहिला नट मी बोटांनी चढवला तेव्हा तो सैल लागला. लागला. आज अकरा वर्षं मी स्वतःला सांगून बघितलं की नव्हता लागला, पण लागला होता. मी थांबलो. दत्ता बाजूला उभा होता. "दादा, झालं काय?" मी म्हटलं, "यल्ला, चल, झालंच." पाना लावला, नट घट्ट झाला, आणि उरलेले चार मी विचार न करता चढवले. तो शीळ घालत गेला.

निझव्याच्या रस्त्यावर ते चाक निघालं. गाडी तीन वेळा उलटली असं मागून येणाऱ्या टँकरवाल्याने सांगितलं. दत्ता जागीच गेला.

तिसऱ्या दिवशी कागदांवर सही करायला मला पोलिसांच्या यार्डात नेलं. पिकअप तिथे ठेवली होती. डाव्या बाजूच्या पाच स्टडांपैकी चारांचे आटे खाल्ले होते आणि पाचव्यावर एक नट तिरका अडकला होता. मी तो लांबूनच ओळखला. अधिकारी पाठमोरा होता. मला बोलता आलं असतं. मी काय केलं तर सही केली. कागदावर वेग जास्त आणि चाक निखळलं एवढंच लिहिलं होतं. अर्बाब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उस्ताद, खलास. मकतूब." लिहिलेलं होतं, असं. मी मान हलवली. कुणी लिहिलं ते मला माहीत होतं.

दत्ताच्या पेटीबरोबर मीच गावी आलो. विमानतळावरून रुग्णवाहिकेत त्याच्या शेजारी बसून आलो. काकीने मला बघितलं आणि माझ्या गळ्यात पडली. "तू व्हतास म्हनून माजा लेक एकटा नाय गेला," असं म्हणाली. ते वाक्य तिने वाडीतल्या प्रत्येकाला सांगितलं. त्या दिवशी मी बोललो असतो तर वाडीने मला मारलं असतं, आणि ते सोपं झालं असतं.

तिथून पुढे काकीने मला लेक मानलं. मी सुट्टीवर आलो की पहिलं जेवण तिच्याकडे. दत्ताच्या जागेवर पाट. माझ्या बायकोला, सुमनला, आजारपणात काकीनेच सांभाळलं. दत्ताची मुलगी मला काका म्हणते, दहावीचा निकाल तिने आईच्या आधी मला कळवला. हे प्रेम गिळताना मला काय होत होतं ते कुणाला कळलं नाही. लोकांना वाटायचं, ओमानात राहून पोट बिघडलंय. मी सुट्ट्या कमी करत गेलो. चाळीस दिवसांचे पंधरा केले. दोन वर्षांनी जायचं ते तीन वर्षांनी. इकडची मंडळी गावाच्या आठवणीने व्याकूळ होतात, फोनवर अंगण दाखव, आंबा दाखव म्हणतात. मला कुणी अंगण दाखवलं की मी नेटवर्क गेलं म्हणायचो.

कायमचं परत जायचं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा पुढे ढकललं. आता ढकलायला काही उरलं नाही. रस्त्यावर आमच्या गाड्या दिसेनाशा झाल्या, म्हातारा कोळी वारला, मास्तरांनी जपानी गाडी घेतली आणि मला सांगताना ओशाळले. अर्बाब थकला. गॅरेजची जागा आता एसीच्या दुकानाला गेली, माझा व्हिसा संपतोय. पान्यांची पेटी मी एका पाकिस्तानी मिस्त्रीला देऊन टाकली.

मी येणार हे कळल्यावर सुमनचा फोन आला, ती खूश होती. म्हणाली, "काकी म्हणतायत, तुम्ही आल्यावर मधला गडगा काढून टाकू. एकच अंगण करू. माणसं बोलावून दगड मोजायलाही लागल्यात." मी फोन ठेवला. त्या अंगणात मी रोज सकाळी कसा उभा राहणार होतो? मग मी काकीला फोन लावला.

सगळं सांगितलं. डबा, नट, आटे, पाना, यार्ड, सही. माझं बोलणं कुठेकुठे तिला समजलं नसेल, पण तिने शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर तिने विचारलं, "हाताला सैल लागला, तवा त्याला बोललास?"

"नाही, काकी."

"तो कुटं व्हता?"

"माझ्या बाजूलाच."

पोलिसांनी, अर्बाबने, कुणीच मला हे विचारलं नव्हतं. एकदा बोललो असतो तर तो गेला नसता, हे तिला दोन वाक्यांत कळलं. मला ते कळायला अकरा वर्षं लागली असं म्हणणार नाही. मला ते त्याच दिवशी कळलं होतं.

ती म्हणाली, "फोनवर नको. हितं येऊन सांग. सुनेला नि नातीला बसवते. त्यांच्या म्होरं सांग, पयल्यापासून सगलं." आणि फोन ठेवला. त्यानंतर माझा फोन तिने उचललेला नाही.

म्हणून हे लिहिलं. विमानतळावर माझे पाय मागे फिरतील याची मला खात्री आहे, मी स्वतःला चांगला ओळखतो. आता इथल्या आणि तिथल्या सगळ्यांना ठाऊक झालं म्हणजे मला दुसरीकडे कुठे तोंड लपवता येणार नाही. जे नवे मिस्त्री हे वाचतील त्यांना एवढंच सांगतो, हाताला सैल लागलं तर थांबा आणि मोठ्याने बोला.

सुमन काल म्हणाली की काकी तिच्याशीही बोलत नाही, चूल पेटवते आणि ओटीवर बसून राहते. फक्त एकदा गडग्यापाशी येऊन विचारून गेली, त्याचं इमान कवा उतारतं. आम्ही इकडे एकमेकांना सांगत असतो की जिथे कुणी आपली वाट बघतं ते घर. माझी वाट बघणारं माणूस आहे. कशासाठी बघतंय ते मला ठाऊक आहे. शनिवारी निघतोय.