पिलाजीरावांच्या नावावर

लग्नाला सदतीस वर्षं झाली त्या दिवशी सकाळी दत्तात्रेय जगताप दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून हॉलमधल्या सोफ्यावर अवघडून बसले होते. समोर टीपॉयवर स्टीलच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. पुण्याहून लेकीचा, आकांक्षाचा हुकूम आला होता: दोघांनी एकमेकांबद्दल एकेक चांगली गोष्ट सांगायची आणि व्हिडिओ दहाच्या आत पाठवायचा. सासरच्या ग्रुपवर टाकायचा होता म्हणे. हल्ली आईबापांचं लग्नसुद्धा ग्रुपवर टाकल्याशिवाय पुरं होत नाही.

"आधी तुम्ही बोला," सुनंदाबाई म्हणाल्या.

दत्तात्रेयांनी घसा खाकरला. "सुनंदा स्वयंपाक फार छान करते," एवढं बोलून ते थांबले. पुढे काही सुचेना.

"झालं? राहू द्या, मीच बोलते." सुनंदाबाईंनी पदर सारखा केला आणि मोबाइलकडे सरळ बघत म्हणाल्या, "ह्यांनी आमच्यासाठी रात्रीच्या रात्री जाळल्या. दिवाळी बघितली नाही, नवरात्र बघितलं नाही. वरची माणसं ह्यांना सोडायचीच नाहीत. पण कधी कुरकुर केली नाही हो." 

दुसऱ्या कुणा नवऱ्याची छाती फुगली असती. दत्तात्रेयांना दरदरून घाम फुटला. मे महिना होता हे खरं, पण डोक्यावर पंखा पाचावर फिरत होता. व्हिडिओ पाठवून ते मागच्या ओट्यावर जाऊन बसले. बायकोने इतकं चांगलं बोलायला नको होतं असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

कारण वरच्या माणसांनी दत्तात्रेयांना कधीच अडवलं नव्हतं.

तेविसाव्या वर्षी ते वाघोडियाच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. तीन शिफ्ट. घर तेव्हा बडोद्याच्या वाडी भागात, पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या दोन खोल्या, आणि त्यात आई आणि नवी सून. दोघींचं पहिल्या महिन्यापासून बिनसलं. दत्तात्रेय घरात पाऊल टाकत, की दोघी दोन बाजूंनी त्यांच्याकडे बघायला लागत. भांडण सोडवण्याचा जीव त्यांच्यात नव्हता. कारखान्यात पंप अष्टौप्रहर गुरगुरत, डोळ्यांची आग होई, पण तिथे कुणी विचारत नव्हतं की तुम्ही कोणाच्या बाजूचे. मग सण आला की ते आपणहून रात्रपाळी मागून घ्यायला लागले. गुजराती सोबत्यांना नवरात्रात गरबा हवा असे, उत्तरायणाला पतंग हवे असत. दोघा ऑपरेटरांनी अदलाबदलीच्या चिठ्ठीवर सह्या करायच्या, शिफ्टच्या साहेबांनी खाली सही ठोकायची, की झालं काम. घरी सांगायचं, साहेब सोडत नाहीत.

हे साहेब म्हणजे पिलाजीराव शिर्के. अंगाने दणकट, आवाज असा की पंपाच्या वर ऐकू यावा. असल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. दत्तात्रेयांनी खपवलं.

इथवरच असतं तर मी हे सांगत बसलो नसतो. बायकोला थाप मारणारे नवरे काही बडोद्यात दुर्मीळ नाहीत. पण एक्क्याण्णव सालच्या नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी, दिवस भरलेल्या सुनंदाबाईंना घेऊन ते दवाखान्यात गेले आणि डॉक्टरीणबाईंनी दत्तात्रेयांना बाजूला घेऊन सांगितलं की बाळाचे ठोके लागत नाहीत, रात्रीपर्यंत बाळंतपण करून घ्यावं लागेल. त्या दिवशी दत्तात्रेयांना सुट्टी होती. "उद्याची रजा टाकून येतो," असं आईला सांगून ते बाहेर पडले आणि थेट वाघोडियाची बस धरली. रात्रपाळीवर रमणभाई होता, नुकतंच लग्न झालेला. त्याला यांनी घरी पाठवलं. पिलाजीरावांनी चिठ्ठी हातात घेऊन विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना रे?" दत्तात्रेय म्हणाले, "हो." पिलाजीरावांनी सही केली.

सकाळी ते दवाखान्यात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी होती. मेहुण्याने पहाटेच तिला पुरायला नेलं होतं. सुनंदाबाईंनी भिंतीकडे तोंड करून विचारलं, "कुठे होतात?"

"पिलाजीरावांनी अडकवून ठेवलं. पाया पडलो त्यांच्या, पण सोडलं नाही." एका दमात हे वाक्य बाहेर पडलं, आणि मग ते मागे घ्यायचं राहून गेलं. दोन वर्षांनी आकांक्षा झाली, आई गेली, वाघोडिया रोडवर टेनामेंट, म्हणजे बैठं घर घेतलं. पण ते वाक्य होतं तिथेच राहिलं.

आणि नशीब असं, की त्या रात्रीनंतर सात वर्षांनी पिलाजीरावांनी त्याच सोसायटीत, तीन गल्ल्या सोडून घर घेतलं. त्यांची बायको येसूबाई वास्तुशांतीचे पेढे घेऊन दारात आली. सुनंदाबाईंनी ताटली हातात घेतली नाही. "तुमच्या घरचं मला गोड लागायचं नाही," त्या म्हणाल्या. "का ते यजमानांना विचारा." दत्तात्रेय तेव्हा आतल्या खोलीत होते. दाराआड उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं, आणि बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पिलाजीरावांनी त्यांच्याकडे नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ बघितलं आणि तीन नंबरच्या पंपाचं काय झालं म्हणून विचारलं. बायकोने त्यांना सांगितलंच नसेल, अशी दत्तात्रेयांनी मनाची समजूत घालून घेतली.

पुढची सत्तावीस वर्षं सुनंदाबाई संक्रांतीचं हळदीकुंकू अख्ख्या सोसायटीत फिरून करत, ते एक घर वगळून. गेल्या फाल्गुनात पिलाजीराव वारले. अर्धांगाने आठ महिने अंथरुणाला खिळले होते. सुनंदाबाई ना आजारपणात गेल्या, ना मयताला. "माझ्या पोरीच्या वेळी त्यांना दया आली नाही," एवढंच म्हणाल्या. जो माणूस आयुष्यात कधी त्यांच्या वाटेला गेला नाही, त्याचा इतका खराखुरा तिरस्कार त्यांनी सांभाळला होता.

मागच्या ओट्यावर बसून दत्तात्रेय हेच सगळं उगाळत होते. सदतीस वर्षांत बायकोपाशी आपण किती दिवस होतो, आणि होतो तेव्हा तरी कितीसे होतो? तिने जपला तो नवरा दुसराच कुणी होता, रात्री जाळणारा, साहेबांच्या तावडीत सापडलेला. त्याच्या जागी आपण इतकी वर्षं जेवत होतो. आता ते सांगून तरी काय होणार, आणि हे असंच पोटात ठेवून तिच्याआधी आपण गेलो तर बरं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. रमणभाई. हातात लिल्या चिवड्याचं, बडोद्याच्या त्या ओलसर चिवड्याचं पाकीट आणि गुलाबाचा हार. आकांक्षाने फेसबुकवर फोटो टाकला होता, तो बघून गडी स्कूटर काढून आला होता. सुनंदाबाईंनी वाटीभर बासुंदी पुढे ठेवली.

"भाभी, आ तो देव माणस छे!" बासुंदी ओरपत रमणभाई म्हणाला. गड्याला वाटलं, मित्राच्या लग्नाच्या वाढदिवशी बायकोसमोर त्याची दोन शब्द तारीफ करावी. आणि तो सुटला. दर नवरात्राला, दर उत्तरायणाला दत्तूभाई स्वतःहून रमणभाईची रात्रपाळी घ्यायचे. मागावी लागायची नाही. शिर्केसाहेब उलट ओरडायचे, अरे, तुला घरदार आहे की नाही? आणि रमणभाईच्या लग्नाच्या वर्षी तर कमाल, त्या दिवशी यांची ड्युटीच नव्हती! आठमची रात्र, आपण मनातल्या मनात नशिबाला शिव्या देत पॅनलवर बसलेले, आणि हे नऊ वाजता येऊन उभे. म्हणाले, जा, गरबा रम.

"कुठल्या साली हो, रमणभाई?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"एकाणुं," रमणभाई म्हणाला. "एक्क्याण्णव. हूं केम भूलुं?"

सुनंदाबाईंनी त्याच्या वाटीत आणखी एक पळी बासुंदी वाढली. दत्तात्रेयांनी मान वर केली नाही.

रमणभाई गेला. सुनंदाबाईंनी वाटी विसळली, पुऱ्या तळल्या, ताट वाढलं. वरण, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, सगळं जिथल्या तिथे. दत्तात्रेयांनी पहिला घास तोंडात घातला तेव्हा त्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"त्या रात्री तुमची ड्युटी नव्हती?"

थाप तयार होती. रमणभाईचं आता वय झालं, वर्षांचा घोळ करतो, इतकं म्हटलं की पुरलं असतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण बायको त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू यांनी थाप मारावी असं तिलाच वाटत होतं, आणि ते त्यांच्याने बघवेना.

"नव्हती," ते म्हणाले.

"पिलाजीरावांनी अडवलं नव्हतं?"

"नाही."

"मग का गेलात?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुझ्याकडे बघायची."

सुनंदाबाईंनी वरणाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "भीती मलाही वाटत होती. मला कुठे जाता आलं?" आणि थोड्या वेळाने, "तिचे केस दाट होते. तुम्हाला कधी सांगितलं नाही मी. म्हटलं, आधीच बिचाऱ्याला जाता आलं नाही, त्यात आणखी कशाला." त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर दत्तात्रेयांना उठून पाणी तरी देता आलं असतं.

ताट तसंच राहिलं. ऊन कलल्यावर पाचच्या सुमाराला सुनंदाबाईंनी साडी बदलली, चपला घातल्या आणि दारातून म्हणाल्या, "चला."

"कुठे?"

"येसूवहिनींकडे. तिथे तुम्ही बोलायचं."

"अगं, आज नको. आजचा दिवस तरी... उद्या जाऊ."

"मी त्या माणसाच्या मयताला गेले नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "आणखी किती दिवस जाऊ द्यायचे?"

तीन गल्ल्यांचं अंतर ते. दत्तात्रेय चार पावलं मागून चालत होते.

येसूबाई व्हरांड्यात चादर पसरून वर्षाच्या गव्हाला कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळत बसल्या होत्या. पूर्वी त्यांच्याकडे चार मण गहू भरायचे. आता चादरीवर एका माणसापुरता ढीग होता. सुनंदाबाईंना बघून त्यांचे हात थांबले. बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

दत्तात्रेय उभ्या उभ्याच बोलले. खाली बघून बोलले, पण काही लपवलं नाही. दवाखाना, बस, चिठ्ठी, सकाळी बायकोला काय सांगितलं ते.

"ठाऊक आहे मला, भावजी," येसूबाई म्हणाल्या. "पेढे परत आणले त्या दिवशीच ह्यांना विचारलं मी. म्हणाले, दत्ताने माझं नाव पुढे केलेलं दिसतंय. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगते तिला. तर मला हाताला धरून बसवलं. म्हणाले, पोर गेलंय तिचं. माझा राग राग करून तिला नवऱ्यासोबत संसार करता येत असेल तर करू दे. आणि सही माझीच आहे, म्हणाले. मी त्याला नीट विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं."

 

"शेवटी काही म्हणाले का हो?" सुनंदाबाईंनी विचारलं.

येसूबाईंनी पदराने तेलाचे हात पुसले. सांगावं की नाही, अशा जरा घुटमळल्या. "वाचा गेली होती गं त्यांची. पण हे भावजी दोनतीनदा बघायला आले ना, तेव्हा भावजींकडे बघायचेच नाहीत. भावजींच्या मागे दाराकडे बघत राहायचे. मी सांगायचे, एकटेच आलेत हो. मग डोळे मिटून घ्यायचे."

दत्तात्रेयांना ते आठवलं. आजाऱ्याची नजर ठरत नाही, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

सुनंदाबाई खाली बसल्या. बांगड्या कोपराकडे सारल्या आणि दोन्ही हात गव्हात घातले. आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. येसूबाईंनी वाटी कलती करून त्यांच्या तळव्यावर तेल ओतलं. दोघी गहू चोळत राहिल्या.

दत्तात्रेय गुडघ्यांवर हात टेकत खाली वाकले. "मीही बसतो, सुनंदा," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर."

"नको," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "आता नको. तेव्हा हवे होतात."

दत्तात्रेय थोडा वेळ तसेच वाकलेले राहिले. मग उठून त्यांनी चपला घातल्या, फाटकाची कडी लावली आणि ते घराकडे चालू लागले.