जोडे काढून केलेलं प्रेम

माझ्या मावसभावाइतकं निर्मळ आणि निरुपयोगी प्रेम अख्ख्या लालबागमध्ये दुसऱ्या कुणी केलं नसेल. मुलगी आवडली की लोक चिठ्ठी लिहितात, कोपऱ्यावर उभे राहतात. हा उपास धरायचा. दवाखान्यातल्या नर्ससाठी सोमवार, पिठाच्या गिरणीवाल्याच्या मुलीसाठी गुरुवार. त्या मुलींना याचा पत्ताही नसे. पत्ता लागे तो मावशीला, डब्यातला साबुदाणा संपला की. "मेल्या, आता खंयचा चेडू?" ती विचारायची आणि हा देव्हाऱ्याकडे बघायचा.

समोरच्या चाळीतल्या मास्तरांच्या मुलीवर जीव जडला तेव्हा मात्र त्यानं हद्द केली. उपास रोजचाच, आणि ती गॅलरीत कपडे वाळत घालायला आली की चंद्रोदय झाला असं समजून तो सोडायचा. एकदा ती दोन दिवस गिरगावला आत्याकडे गेली, तर हा कामावर कापडगिरणीत घेरी येऊन पडला. त्यात आमच्या दोन्ही चाळींचा विसर्जनाला पुढे कुणाचा गणपती यावरून उभा दावा. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात आम्ही खांद्याला खांदा लावून लाठ्या खायचो आणि गल्लीच्या तोंडाशी आलो की पुन्हा बोलणं बंद. पण त्या वर्षी मोर्च्याच्या भरात कुणीतरी गणपतीत एकच नाटक करायची टूम काढली. नायक आमचा, म्हणजे हा; नायिका त्यांची, मास्तरांचीच मुलगी.

भावानं एक जुनं विलायती शोकनाटक मराठीत आणलं. वैरी घराण्यांतली दोन कोवळी पोरं रविवारी भेटतात आणि गुरुवारी जीव देतात. "अरे, एवढ्यात आपल्याकडे पत्रिकासुद्धा जुळत नाही," मी म्हटलं. "भक्ती पत्रिका बघत नाही," तो म्हणाला. पहिल्या भेटीत नायक म्हणतो, तुझा हात हे देऊळ आणि मी यात्रेकरू, आणि तिचा हात धरतो. तालमीत ती वेळ आली की हा म्हणायचा, "प्रयोगाला धरतो." इकडे तिला कॉटन ग्रीनचं स्थळ आलेलं, गणपती झाले की सुपारी फुटणार होती. "त्या दिवशी हात धरीन, मग तिला कळेलच," असं त्यानं मला शपथेवर सांगितलं.

प्रयोगाला मी विंगेत प्रॉम्प्टर होतो. वाक्यं त्यानं सुरेख म्हटली. तिच्यापर्यंत गेला आणि दोन पावलांवर थांबला. मग शांतपणे पायांतले जरीचे जोडे काढले आणि नीट बाजूला ठेवले. देवळात जोडे घालून कोण जातं? त्यानं डोळे मिटून हात जोडले. पुढच्या रांगेतल्या दोन आज्यांनीही जोडले. "हात धर की रे," ती ओठ न हलवता पुटपुटली. मीही विंगेतून तेच सांगत होतो. त्यानं सरळ तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मुलगी चांगल्या वळणाची. पायाशी कुणी वाकलं की आशीर्वादाला हात जायचाच, तसा तिचा त्याच्या डोक्यावर गेला. मांडव हसून लोळला. शेवटच्या अंकात त्यानं विषाचा पेला उचलला तर मागून आवाज आला, "तीर्थ जपून घे रे." दोन्ही चाळी इतक्या एकदिलानं पूर्वी कधी हसल्या नव्हत्या.

पडदा पडल्यावर गजरा सोडवत ती त्याला म्हणाली, "हात धरला असतास तर मी बाबांशी बोलणार होते. पण मला देव्हाऱ्यात नाही राहायचं रे. घरात राहायचंय."

"आपलं बरोबर आहे," तो म्हणाला. तेव्हासुद्धा 'तुझं' नाही, 'आपलं'च.

महाराष्ट्र झाला त्या सकाळी गल्लीत पेढे वाटत होते. ती माहेरी आली होती, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. पेढा घ्यायला हात मोकळा हवा म्हणून तिनं मुलगी माझ्या भावापुढे केली. "धर." त्याची नजर सवयीनं आपल्या चपलांकडे गेली. आता हा काढतोय, मला वाटलं. एवढ्यात पोर रडायला लागली, आणि त्यानं तसंच पुढे होऊन तिला दोन्ही हातांनी उराशी घेतलं. पोर गप्प झाली. मला फार वाईट वाटलं. इतकं सोपं होतं ते. पेढा खाऊन झाला तरी त्यानं मुलगी परत दिली नाही, आणि बराच वेळ तिनंही मागितली नाही.