अलाकेची कबुली

अलाके विशीत म्हातारी झाली ती पुन्हा तरुण झालीच नाही. लाडोकुनच्या नाटकमंडळीत ती घरातून पळून आली होती ती राणी व्हायला. पण राण्या व्हायला गोऱ्यागोमट्या, भरल्या गालांच्या पोरी पुष्कळ होत्या. हिचे डोळे खोल, आवाज घोगरा. मंडळीची लॉरी इलेशा गावाला पोचली आणि म्हातारीचं काम करणाऱ्या बाईला ताप भरला. लाडोकुननं हिच्या केसांना राख फासली आणि ढकललं पुढे. ढकललं ते कायमचं.

पुढे मंडळ्या मोडल्या, घरोघर व्हिडिओ आले, आणि लॉरीतले नट सिनेमात शिरले. इबादानमध्ये कुणालाही चेटकीण हवी असली की एकच नाव निघायचं. आपल्या योरुबा सिनेमात चेटकीण शेवटी कबुली देते, त्याशिवाय लोकांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत. केस सोडायचे, धुळीत लोळायचं आणि सांगत सुटायचं, बहिणीचं मूल मी खाल्लं, नवऱ्याचं नशीब मी बांधून ठेवलं. अलाके ते एका दमात करायची. लोक समाधानानं जेवायला उठायचे आणि दुसऱ्या दिवशी तिला बाजारात बघून थुंकायचे.

मिरचीवाली म्हणायची, "मा, पैसे हातात नको हो. तिथं टोपलीवर ठेवा."

अलाके हसून टोपलीवर ठेवायची. घरी येऊन दिपोला सांगायची, "म्हणजे काम जमलंय बघ." दिपो तिचा एकुलता एक. मंडळीच्या कपड्यांच्या पेटीवर झोपून तो वाढला होता. बापाचा पत्ता नव्हता, पण दिपोनं कधी विचारलं नाही. त्याला आई पुरत होती.

मग दिपोचं लग्न झालं. तेनी मुलगी चांगली होती, सासूला वाकून नमस्कार करायची, कंदाच्या पिठाचा अमला हलका करायची. पहिला मुलगा झाला, दामोला. दात यायच्या आधीच तापानं गेला. त्या दिवसापासून तेनीच्या आईनं तोंड उघडलं ते मिटलं नाही. बाई सिनेमे फार बघायची.

वर्ष-दोन वर्षांनी मुलगी झाली. आठव्या दिवशी बारसं. आपल्यात आजी-आजोबांनी प्रत्येकानं बाळाला आपापलं एक नाव द्यायचं असतं. अलाकेला कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती मध आणि नवं कापड घेऊन गेली. दारात विहीणबाई.

"या, दिपोच्या आई. पण आत नको."

"अहो, नात आहे माझी."

"नातूही होता तुमचा."

दिपोनं आईला बाजूला घेतलं. "थोडे दिवस जाऊ दे आई. तेनी घाबरलीय."

"आणि तू? माझ्या तोंडाला काजळी तू फासायचास रे. मी काय आहे ते तुला ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे. तिला नाही, त्याला मी काय करू?"

थोडे दिवस कसले, पावसाळा येऊन गेला. अलाके दिपोच्या शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसायची, भिंतीपलीकडून मुलगी रडली की तेवढं ऐकायची. मग शेजारीणही दार लावून घ्यायला लागली. अलाकेनं चेटकिणीची कामं नाकारली. जुन्या ओळखीच्या दिग्दर्शकाकडे जाऊन म्हणाली, मला एखादी चांगली आई दे, मोलकरीण दे, नुसती चुलीपुढे बसव.

तो बिचारा तोंडावर हसला. "मा, तुम्ही देवाचं नाव घेतलंत तरी लोक म्हणतील, आता ही कुणाला खाणार."

तिला अन्न जाईना. जिनं आयुष्यभर लोकांची पोरं पडद्यावर खाल्ली, तिला स्वतःच्या घरातलं एक पोर मांडीवर घ्यायला मिळेना. याला काय म्हणावं ते तुम्हीच म्हणा. मला तर ऐकूनच चीड येते.

शेवटी दिपोच निरोप घेऊन आला. तेनीचे पास्टर ओबेम्बे म्हणाले होते, तुझ्या आईनं सगळ्यांसमोर कबुली द्यावी. मी तिला पाण्यानं शुद्ध करीन आणि माझ्या हातानं मूल तिच्या मांडीवर ठेवीन.

"कसली कबुली?"

दिपो जमिनीकडे बघत होता. "नाटक कर आई. एकदाच. तुला काय जड आहे?"

रविवारी प्रार्थनाघर गच्च भरलं होतं. सगळे पांढऱ्या झग्यात, अनवाणी. तेनी पुढच्या रांगेत, मुलगी पाठीशी बांधलेली. मुलीचं डोकं तेवढं दिसत होतं. अलाके मधोमध गुडघ्यांवर बसली आणि पुटपुटली, माझ्याकडून पाप झालं, मला क्षमा करा. पास्टर म्हणाले, "बाई लपवतेय." मागून कुणीतरी म्हणालं, "सिनेमात तर कशी घडाघडा बोलते."

तेव्हा तिनं डोक्याचं कापड सोडलं. केस पुढे ओढले, आवाज खाली नेला आणि सुरुवात केली. मी पक्षी होऊन उडते. मी माणसांची झोप पिते. बायका रडायला लागल्या, पुरुष मागे सरकले. किती महिन्यांनी सगळं सभागृह पुन्हा तिच्या मुठीत आलं होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते बरं वाटत होतं. अजून थोडं, की मूल मांडीवर.

तेनी उठून उभी राहिली. "आणि माझा दामोला? त्यालाही तूच?"

लाडोकुनच्या मंडळीत काही लिहिलेलं नसे. समोरचा जे बोलेल ते झेलायचं आणि पुढे न्यायचं, एवढंच शिक्षण. रंगमंचावर नाही म्हटलं की खेळ तिथंच पडतो. जो नाही म्हणायचा, त्याला विंगेत कानाखाली बसायची.

"हो," अलाके म्हणाली. "मीच. पहाटे. तुम्ही सगळे झोपला होतात. गोड होता."

बोलून झाल्यावर तिनं ते ऐकलं.

अलाकेनं केस मागे सारले, आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नाही ग. नाही पोरी, ते नाटक. मी त्याला खाली ठेवत नव्हते ग, त्याला मी काय करीन?" पण चेटकिणी अशाच मागाहून नाकबूल होतात. तिनंच ते लोकांना इतकी वर्षं दाखवलं होतं. पास्टर म्हणाले, "तिच्यातलं भूत झुंजतंय. धरा तिला." चौघांनी धरली.

"दिपो, सांग यांना. तूच म्हणालास ना?"

दिपो भिंतीशी उभा होता. तो पुढे आला. आवाज अगदी हळू होता.

"पहाटे गेला हे तुला कुणी सांगितलं आई?"

"तूच रे. माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलंस."

तो आठवायला लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला खरंच आठवायचं होतं, कपाळावर आठ्या पडल्या होत्या, आणि त्याला आठवत नव्हतं.

मग तो तेनीपाशी गेला आणि तिच्या पाठीवरच्या मुलीच्या डोळ्यांवर त्यानं आपला तळहात धरला, आजीची नजर पडू नये म्हणून.