कात्रीचं नाव

टीव्हीच्या केंद्रात तिला सगळे कात्री म्हणत. हे नाव सरांनी ठेवलं होतं. सर माहितीपट करायचे आणि ती त्यांची संकलक. बाहेरून सहा-सहा तासांचं चित्रीकरण यायचं, ते बघायचं, नको ते काढायचं आणि सव्वीस मिनिटं चाळीस सेकंदांचा कार्यक्रम बांधून द्यायचा. एक्केचाळिसावा सेकंद चालत नसे, कारण त्या सेकंदाला बातम्या लागायच्या आणि बातम्या कुणासाठी थांबत नाहीत.

संकलनाची खोली यंत्रांसाठी थंड ठेवलेली असायची, माणसांसाठी नाही. ती बारा महिने स्वेटर घालून बसायची. कार्यक्रम लांबला की सर मागच्या खुर्चीत रेलून विचारायचे, "कात्री, कुठून काढतेस?" आणि ती निमूटपणे टेप शेवटाकडे न्यायची. शेवटी नावं असत. केंद्रप्रमुखांचं नाव काढता येत नसे, निर्मात्याचं तर नाहीच. छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक ही कायम नोकरीतली माणसं; त्यांचं नाव गेलं तर दुसऱ्या दिवशी त्यांची संघटना दारात. कात्री करारावर होती, महिन्यातून दहा दिवसांच्या बोलावण्यावर. करारावरच्या माणसानं कुरकुर केली तर पुढच्या महिन्यात बोलावणं येत नाही, एवढंच. तेव्हा ती स्वतःचंच नाव काढायची. चार सेकंदांची पाटी: 'संकलन', खाली ती. एक बटण दाबलं की काम झालं. पुढेपुढे सर विचारायच्या आधीच ती काढून मोकळी व्हायची.

"वीस वर्षं टीव्हीत कामाला आहे," सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आणि टीव्हीत एकदा दिसली असेल तर शपथ."

"आई, मी पडद्यामागे असते."

"पडद्यामागे तर घरातही असतेस. त्याला केंद्र कशाला पाहिजे?"

नवरा हसायचा. तो एका रंगाच्या कारखान्यात होता, तो बंद पडला, मग एका दुकानात हिशेब बघू लागला, मग त्याचे पाय सुजायला लागले. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली आहेत असं निदान झालं तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं, हे त्याचं नवं वेळापत्रक. "आता आपण दोघंही यंत्रावर," तो तिला म्हणाला. कायम नोकरीतल्या माणसाच्या कुटुंबाला केंद्राचं दवाखान्याचं कार्ड मिळतं. करारावरच्याला मिळत नाही. साठवलेलं किती महिने पुरेल ते दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघं त्यावर बोलत नसत.

अशात परिपत्रक निघालं. अमुक तारखेच्या आधीपासून काम करणाऱ्या करारावरच्या लोकांना कायम करायचं ठरलं होतं. कात्री त्या तारखेच्या सहा वर्षं आधीपासून होती. ती आस्थापना विभागातल्या बाईंकडे गेली. बाई चांगल्या होत्या, त्यांनी खुर्चीही दिली.

"तुमच्या त्या वर्षांच्या बोलावण्याच्या नोंदी नाहीत," बाई म्हणाल्या. "तळघरात पाणी शिरलं होतं ना, त्यात गेल्या. समिती म्हणते, प्रसारित झालेल्या कार्यक्रमात नाव दाखवा. एक कार्यक्रम पुरे. एकात तरी नाव असेलच की तुमचं."

"तुम्ही तर मला ओळखता बाई. त्याच वर्षांत तुमच्या मुलाच्या बारशाचं चित्रीकरण मीच नीट करून दिलं होतं."

"मी ओळखते हो. समितीला ओळखता येत नाही. समितीला कागद लागतो, नाहीतर पडदा."

टेपा फार उरल्याच नव्हत्या. नव्या टेपा मिळत नसत म्हणून जुन्या पुसून त्यांच्यावर पुढचं चित्रीकरण करायची केंद्राची रीतच होती. कुठल्या पुसायच्या त्यांच्या यादीवर खुणा करायचं काम दहा वर्षं कात्रीकडेच होतं, कारण तिला सगळं पाठ असायचं. आपल्या हातचे कार्यक्रम तिनं आपल्याच हातानं पुसायला दिले होते आणि त्यांच्यावर उद्‌घाटनांची भाषणं चढली होती. त्या सहा वर्षांतली एकच टेप शिल्लक होती, कारण तिला दिल्लीपासून कुठकुठली बक्षिसं मिळाली होती आणि ती काचेच्या कपाटात ठेवलेली होती.

दगडाच्या खाणीत दरड कोसळून अकरा माणसं गेली, त्यांच्या घरच्यांवरचा तो माहितीपट होता. शेवटाकडे एक म्हातारी येते. तिचा मुलगा गेलेला. सर पडद्याबाहेरून विचारतात, "सकाळी निघताना काय म्हणाला?" म्हातारी म्हणते, "दार लावून घे म्हणाला." मग ती काही बोलत नाही. सहा सेकंद. कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी बघत राहते, दार तिकडे असावं. चौथ्या सेकंदाच्या सुमाराला तिचा हात मांडीवरून उठतो, हवेत जरा थांबतो आणि परत मांडीवर येतो.

तेव्हाही कार्यक्रम चार सेकंद लांबला होता. सर म्हणाले होते, "म्हातारीचं बोलून झालंय. तिथून काढ." आयुष्यात एकदाच कात्री सरांशी भांडली होती. "सर, तो हात गेला तर कार्यक्रमात राहिलं काय?" सरांनी ती जागा डोळे मिटून पुन्हा ऐकली, सेकंद मोजले आणि म्हणाले, "मग कुठून काढतेस?" तिनं टेप शेवटाकडे नेली.

हल्ली ती जुन्या टेपा संगणकावर उतरवण्याच्या कामावर होती. ती टेप तिच्या यादीत आपोआपच आली. नावं तिला ठाऊक होती तरी तिनं तीनदा बघितली. छायाचित्रण, ध्वनी, निर्मिती, काळा पडदा.

दवाखान्याच्या बाकावर तिनं नवऱ्याला सांगितलं. तो यंत्रावरून नुकताच उठला होता, तोंड राखेसारखं झालेलं.

"तू केलायस ना तो कार्यक्रम?" त्यानं विचारलं.

"मग कुणी केलाय?"

"तर त्यात तुझं नाव घालणं खोटं कसं? नाव नसणं खोटं होतं."

"अहो, पण ते तसं प्रसारित झालेलं नाही."

"समितीला वीस वर्षांपूर्वीचं आठवतंय का? त्यांना कालची बैठक आठवत नाही." मग तो थांबला आणि आवाज बदलून म्हणाला, "मी तुला कधी काही मागितलं नाही." हे खरं नव्हतं, त्यानं पुष्कळ मागितलं होतं. पण हे मात्र आजवर मागितलं नव्हतं.

पाटी तयार करायला तिला वीस मिनिटं लागली. अक्षराची तीच जुनी ठेवण, तोच मळका पांढरा रंग, कडेची तीच थरथर. शेवटचं संगीत चार सेकंदांनी लांबवणं तिच्या डाव्या हातचा मळ होता. अडचण पुढे होती. प्रत्येक जुन्या कार्यक्रमाची लांबी रजिस्टरात लिहिलेली होती, आणि संगणकावर उतरवलेली लांबी तिच्याशी जुळली नाही तर तो कार्यक्रम तपासणीला परत यायचा. चार सेकंद घातले तर चार काढायला हवे होते.

ती सकाळपासून दुपारपर्यंत जागा शोधत बसली. जुन्या टेपेत सगळा आवाज एकत्र मिसळलेला होता: निवेदन, संगीत, खाणीतले घाव. कुठेही कापलं तरी निवेदकाचं वाक्य मोडत होतं नाहीतर संगीताला उचकी लागत होती. पहिल्याच ऐकण्यात कुणालाही कळलं असतं. सव्वीस मिनिटं चाळीस सेकंदांत निवेदन नाही, संगीत नाही, बोलणं नाही अशी एकच जागा होती. ती तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होती. बाकीचा वेळ ती तेवढी जागा सोडून दुसरीकडे फिरत होती, एवढंच.

तिनं कापलं. पुन्हा लावून बघितलं. म्हातारी म्हणाली, "दार लावून घे म्हणाला," आणि लगेच खाणीचा कडा आला. जणू कुणी पत्ता विचारला होता आणि तिनं सांगितला होता. सांधा मात्र बेमालूम बसला होता. उतरवून झालेल्या टेपा पुसायच्या पेटीत जात, तशी हीही गेली. यादीवर तिनं खूण केली.

समितीपुढे कार्यक्रम सगळा लावलाच नाही, शेवटच मागितला. तिघांनी तिचं नाव वाचलं आणि एकानं घड्याळ बघितलं. दीड महिन्यानं पत्र आलं, त्यानंतर कार्ड. नवऱ्यानं कार्डाचं पाकीट फोडलं, फोटोतलं आपलं तोंड बघितलं आणि म्हणाला, "मेलेल्याचाच फोटो लावलाय, पण चालेल." त्या आठवड्यापासून तो यंत्रावर दोनदाऐवजी तीनदा जाऊ लागला आणि त्याच्या पायांची सूज उतरली. रिकामं पाकीट मात्र तो टाकू देईना. ते फोनशेजारी पडून असायचं.

पुढच्या वर्षी केंद्राला चाळीस वर्षं झाली म्हणून जुने कार्यक्रम पुन्हा दाखवायचं ठरलं. खाणीवरचा माहितीपट रविवारी दुपारी लागला. नवऱ्यानं शेजारणीला बोलावलं होतं. सासूबाई आपली खुर्ची सगळ्यांच्या पुढे घेऊन बसल्या, त्यांना कमी दिसायचं. कात्री स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. म्हातारी आली तेव्हा ती आत जाऊन नळ सोडून आली.

"आलं, आलं," नवरा म्हणाला.

"कुठेय? वाचा कुणीतरी," सासूबाई म्हणाल्या. शेजारणीनं नाव वाचलं, नवऱ्याच्या नावासकट. सासूबाईंनी मान हलवली. "अक्षर बारीक आहे. पण आलं म्हणायचं."

फोन वाजला तो त्या गडबडीतच. सर होते. निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते. सणवार किंवा वाढदिवस नसताना त्यांचा फोन कधी येत नसे.

"कात्री, ऐकलास?"

"ऐकला, सर."

"म्हातारीचे सेकंद कुणी खाल्ले?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला दिसत नाही, पण मोजता येतं. सहा होते. आता दोन आहेत. दोनसुद्धा नीट नाहीत. तू होतीस ना त्या उतरवण्याच्या कामावर? कुणाच्या हातात दिलं होतं हे?"

"पुष्कळ जण असतात सर. बाहेरची मुलं येतात कंत्राटावर. उतरवताना गेलं असेल."

"असं बरोबर तेवढंच जातं का? मूळ टेप बघ."

"मूळ टेप पुसली, सर."

मागे सासूबाई शेजारणीला सांगत होत्या की अक्षर बारीक असलं तरी नाव मधोमध होतं.

"मी केंद्रप्रमुखांना पत्र देणार," सर म्हणाले. "मला लिहिता येत नाही, तू लिहून घे. तू सांगितलेलं त्यांना पटेलही. लिही."

फोनशेजारी कार्डाचं पाकीट होतं. तिनं ते उलटं करून पुढ्यात ओढलं. पेन होतं, पण ते तिनं हातात घेतलं नाही.

सरांनी सावकाश, विरामचिन्हांसकट सांगितलं. आज प्रसारित झालेल्या कार्यक्रमातून चार सेकंद काढण्यात आले आहेत. हे चार सेकंद त्या कार्यक्रमाचा प्राण होते. ते राखण्यासाठी त्या वेळी संकलक बाईंनी स्वतःचं नाव काढून टाकलं होतं. ज्या कुणी हे केलं त्याला या कामाची जाण नाही, अशा माणसाला संकलनाच्या खोलीत बसू देऊ नये. चौकशी व्हावी. कळावे.

"हं," ती प्रत्येक वाक्याला म्हणत होती. "हं, पुढे."

"झालं का? वाच बघू."

कोऱ्या पाकिटाकडे बघत तिनं वाचलं. तिला ऐकलेलं पाठ व्हायचं, सगळा जन्म त्यावरच गेला होता. स्वल्पविरामाला थांबली, पूर्णविरामाला श्वास घेतला. संकलनाच्या खोलीत बसू देऊ नये, तेही वाचलं. चौकशी व्हावी. कळावे.

"मधलं एक वाक्य गेलं," सर म्हणाले. "तुझ्या नावाचं."

"हो का, सर."

"तिथे सांधा कळतोय. घाल परत."

"घालते," ती म्हणाली.